ॲडमिन न करता इव्हेंट लॉग वाचायला देणं: कुठे अडतं आणि कसं सोडवायचं

"मला लॉग दिसत नाही" अशी तक्रार आली की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो: त्या माणसाला ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपमध्ये टाकायचं. लॉग दिसायला लागतो, तिकीट बंद होतं, आणि नेमकं अडलं कुठे होतं ते गुलदस्त्यातच राहतं. खरं तर विंडोजवर लॉग, म्हणजे मशीनवर घडलेल्या घटनांची नोंदवही, वाचण्यासाठी ॲडमिन असण्याची गरज नाही. व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून त्यासाठी 'इव्हेंट लॉग रीडर्स' नावाचा तयार ग्रुप प्रत्येक मशीनवर आहे. अडचण असते ती तो ग्रुप कुठे पुरतो आणि कुठे पुरत नाही हे ओळखण्याची.

आधी एरर नीट वाचा

"परवानगी नाही" या एका वाक्याखाली लोक चार-पाच वेगळ्या गोष्टी सांगत असतात. म्हणून तक्रार करणाऱ्याकडून स्क्रीनशॉट नको, एररचा आकडा मागा.

आकडा ५ म्हणजे ॲक्सेस डिनाइड. तुमची ओळख पटली आहे, मशीनपर्यंत तुम्ही पोचलाही आहात, पण त्या लॉगच्या परवानगी यादीत तुम्ही नाही. १३२६ आला तर नाव किंवा पासवर्डच चुकलाय, लॉगच्या परवानग्या चाळत बसू नका. १३८५ म्हणजे या खात्याला अशा प्रकारे लॉगिन करायलाच मनाई आहे. दूरच्या मशीनवर स्थानिक खातं वापरताना हा भेटू शकतो. १७२२ म्हणजे आरपीसी (दूरच्या मशीनशी बोलण्याची विंडोजची पद्धत) सर्व्हर सापडत नाही. हा फायरवॉलचा, नावाचा किंवा बंद मशीनचा प्रश्न आहे. ग्रुपमध्ये कितीही जणांना घातलं तरी फरक पडणार नाही. १५००७ म्हणजे त्या नावाचं चॅनेलच, म्हणजे लॉगच, नाही. स्पेलिंग तपासा, कारण लांबलचक चॅनेल-नावांत तिरपी रेघ आणि आडवी रेघ यांची अदलाबदल सतत होते.

खरा घोळ होतो तो एरर न येता रिकामं उत्तर येतं तेव्हा. पॉवरशेलची गेट-विनइव्हेंट ही कमांड सिक्युरिटी लॉगवर परवानगीशिवाय चालवली की ती नेहमीच स्वच्छ "परवानगी नाही" म्हणत नाही. कधी "या निकषांत बसणारे इव्हेंट सापडले नाहीत" असं म्हणते, तर कधी या नावाचा लॉगच नाही असं ठोकून देते. त्यात स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने एरर गिळून टाकायचा पर्याय लावला असेल तर हातात शून्य ओळी येतात, आणि अहवालात "अयशस्वी लॉगिन: ०" असं छान हिरव्या रंगात छापलं जातं. सिक्युरिटी लॉगमधून शून्य आलं की ते खरं मानू नका. तीच क्वेरी ॲडमिन खात्याने एकदा चालवा. तिथे इव्हेंट दिसले तर प्रश्न परवानगीचा. तिथेही रिकामं असेल तर लॉगची स्थिती बघा: वेवट्युटिल या कमांडला जीएलआय हा पर्याय आणि लॉगचं नाव दिलं की एकूण नोंदी किती आणि सर्वांत जुनी नोंद कितव्या क्रमांकाची ते कळतं. डेस्कटॉपवर लॉगची कमाल मर्यादा सहसा २० एमबी असते, आणि ऑडिटिंग (कोणी काय केलं याची नोंद ठेवणं) भरपूर चालू असेल तर एवढी जागा भराभर भरून जुन्या नोंदींवर नव्या चढतात. त्या वेळी परवानगी ठीक असते, नोंदच उरलेली नसते.

ग्रुपमध्ये घातलं, तरी दिसत नाही

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. ग्रुपची नावं वापरणाऱ्याच्या टोकनमध्ये, म्हणजे सेशनच्या ओळखपत्रात, लॉगिनच्या क्षणी भरली जातात. नंतर ग्रुप बदलला तरी चालू सेशनला त्याचा पत्ता लागत नाही. स्क्रीन लॉक करून उघडणं म्हणजे नवं लॉगिन नव्हे. पूर्ण लॉगऑफ करून परत यायला हवं. रिमोट डेस्कटॉपची खिडकी फुलीने बंद करणाऱ्यांचं सेशन मागे तसंच जिवंत राहतं, त्यामुळे "मी चार वेळा बाहेर पडून आलो" असं तो माणूस प्रामाणिकपणे सांगतो आणि टोकन मात्र सकाळचंच असतं.

अंदाज करण्यापेक्षा त्याच्याच खिडकीत हूॲमआय ही कमांड ग्रुप्सच्या पर्यायासह चालवा. यादीत एस-१-५-३२-५७३ हा क्रमांक दिसला पाहिजे. इव्हेंट लॉग रीडर्सचा हा कायमचा ओळख क्रमांक. विंडोज इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत असेल तर ग्रुपचं नाव बदलतं, हा क्रमांक बदलत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये नाव न लिहिता क्रमांकच लिहावा.

याच यादीत आणखी एक गोष्ट उघड होते. ॲडमिनिस्ट्रेटर्सच्या ओळीपुढे "फक्त नकारासाठी वापरलेला ग्रुप" अशा अर्थाचा शेरा असेल तर तो माणूस ॲडमिन आहे, पण ही खिडकी वाढीव अधिकारांनी उघडलेली नाही. यूएसी, म्हणजे विंडोजची अधिकार आवरणारी व्यवस्था, त्याचा ॲडमिनपणा काढून ठेवतं. अशा वेळी "ॲडमिन असूनही सिक्युरिटी लॉग दिसत नाही" ही तक्रार अगदी खरी असते. खिडकी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा, नाहीतर त्यालाही रीडर्स ग्रुपमध्ये घाला. दुसरा मार्ग बरा, कारण मग नुसतं वाचण्यासाठी दर वेळी अधिकार चढवावे लागत नाहीत.

पटकन चाचणी करायची असेल तर लॉगऑफची वाट न पाहता रनॲज वापरून त्याच खात्याने नवं कमांड प्रॉम्प्ट उघडा. ते नवं लॉगिन असल्याने नवा ग्रुप लगेच लागू होतो. डोमेन (एका ठिकाणाहून सांभाळला जाणारा मशीनचा समूह) ग्रुपमार्फत परवानगी दिली असेल आणि वाचायचा लॉग दूरच्या मशीनवर असेल, तर जुनं कर्बेरोस तिकीट (डोमेनमधली ओळखीची चिठ्ठी) आडवं येतं. केलिस्ट कमांडला पर्ज सांगून ते पुसा आणि पुन्हा जोडा.

चॅनेलची परवानगी कशी वाचायची

प्रत्येक लॉगला, म्हणजे चॅनेलला, स्वतःची परवानगी ओळ असते. ॲडमिन खिडकीत वेवट्युटिल, मग जीएल, मग चॅनेलचं नाव टाका. उत्तरात 'चॅनेलॲक्सेस' या शब्दापुढे कंसांची एक माळ दिसेल. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती कोणीतरी कीबोर्डवर डोकं आपटल्यासारखी वाटते, पण तिच्यात वाचायला फार काही नाही.

प्रत्येक कंस म्हणजे एक माणूस किंवा ग्रुप. कंसाच्या सुरुवातीचा ए म्हणजे परवानगी, डी म्हणजे मनाई. मधला आकडा म्हणजे काय करता येईल: १ वाचणं, २ लिहिणं, ४ पुसणं. बेरीज करायची: ३ म्हणजे वाचणं आणि लिहिणं, ५ म्हणजे वाचणं आणि पुसणं, ७ म्हणजे तिन्ही. आकड्याच्या आधी येणारं शून्य-एक्स म्हणजे फक्त सोळा-आधारित (हेक्स) मोजणी. कंसाच्या शेवटी ज्याला परवानगी आहे त्याची खूण: बीए म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर्स, एसवाय म्हणजे सिस्टम, आययू म्हणजे समोर बसून लॉगिन केलेले, एसयू म्हणजे सर्व्हिस म्हणून चालणारी खाती, एस-१-५-३ म्हणजे शेड्यूल्ड टास्कसारखी बॅच खाती.

आता सिक्युरिटी लॉगची मूळ ओळ वाचली की चित्र लख्ख दिसतं. तिच्यात फक्त तीन कंस: सिस्टम, ॲडमिनिस्ट्रेटर्सना ५, आणि रीडर्स ग्रुपला १. बाकी कोणी नाही. ॲप्लिकेशन लॉगच्या ओळीत मात्र आययूला ३ आहे, एसयूला ३, बॅचला ३. सिस्टम लॉगमध्ये आययूला १.

यातल्या आययू या दोन अक्षरांमुळे निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. साधा वापरकर्ता आपल्या मशीनसमोर बसून ॲप्लिकेशन आणि सिस्टम लॉग बिनबोभाट वाचतो. तोच माणूस, तेच खातं, तोच लॉग, पण दुसऱ्या मशीनवरून जोडला तर एरर ५. कारण नेटवर्कवरून आलेलं लॉगिन 'समोर बसलेलं' धरलं जात नाही, आययूचा कंस त्याला लागू होत नाही, आणि यादीत त्याच्यासाठी दुसरं काहीच नाही. "काल सर्व्हरवर जाऊन बघितलं तेव्हा दिसत होतं" यातलं रहस्य एवढंच. तसंच शेड्यूल्ड टास्क सिस्टम लॉग वाचतो आणि सिक्युरिटीवर अडकतो, कारण बॅचचा कंस एकीकडे आहे, दुसरीकडे नाही. दोन्हींवर इलाज एकच: रीडर्स ग्रुप. त्याचा कंस तिन्ही लॉगमध्ये आहे.

ग्रुपमध्ये घालताना

एकट्या मशीनवर नेट लोकलग्रुप कमांडने किंवा पॉवरशेलच्या ॲड-लोकलग्रुपमेंबरने काम होतं. सुटे वापरकर्ते घालू नका. डोमेनमध्ये एक ग्रुप करा, तो रीडर्समध्ये घाला आणि माणसं त्या ग्रुपात ठेवा. उद्या कोणाचं काम बदललं तर वीस सर्व्हरवर जाऊन नाव काढावं लागणार नाही.

डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, स्थानिक ग्रुप नसतात. तिथला रीडर्स ग्रुप डोमेनच्या बिल्टइन कंटेनरमधला असतो, आणि त्यात घातलेला माणूस सगळ्याच डोमेन कंट्रोलरचे लॉग वाचू शकतो. एकाच कंट्रोलरपुरती परवानगी या वाटेने देता येत नाही, हे मागणी करणाऱ्याला आधीच सांगून टाका.

परवानगी दिली, चालली, आणि दुसऱ्या दिवशी आपोआप गेली असं झालं तर संशय ग्रुप पॉलिसीतल्या (अनेक मशीनवर एकदम लादायच्या सेटिंग्ज) 'रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स'वर घ्या. तिथे एखाद्या ग्रुपच्या सदस्यांची यादी ठरवलेली असेल तर ती यादी जोड देत नाही, जुनी यादी पुसून नवी बसवते. सुरक्षा सेटिंग्ज पॉलिसीत बदल नसला तरी साधारण १६ तासांनी पुन्हा लादल्या जातात; म्हणून तुमची हाताने केलेली भर दुपारी चालते आणि सकाळी गायब असते. अशा ठिकाणी एक तर त्याच पॉलिसीत नाव घाला, किंवा ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून 'अपडेट' क्रियेने सदस्य जोडा. कोणी, कधी घातलं हे शोधायचं असेल तर सिक्युरिटी लॉगमध्ये ४७३२ क्रमांकाचा इव्हेंट बघा. स्थानिक सुरक्षा ग्रुपमध्ये सदस्य जोडल्याची नोंद तिथे होते, अर्थात त्या प्रकारचं ऑडिटिंग चालू असेल तर.

एक शॉर्टकट टाळाच. 'मॅनेज ऑडिटिंग अँड सिक्युरिटी लॉग' हा युजर राइट दिला तरी सिक्युरिटी लॉग दिसतो, आणि जुन्या सूचनांमध्ये हाच सापडतो. पण त्यासोबत लॉग पुसण्याची आणि फाइलींवरचं ऑडिटिंग बदलण्याची ताकदही जाते. वाचायला आलेल्या माणसाच्या हाती खोडरबर कशाला? सिक्युरिटी लॉग पुसला तर ११०२ ची नोंद उरते खरी, पण पुसलेलं परत येत नाही.

सगळे लॉग नकोत, एकच हवा असेल तर

रीडर्स ग्रुप म्हणजे सिक्युरिटी लॉगही आला. प्रिंट सर्व्हिसचा लॉग बघणाऱ्याला लॉगिनच्या नोंदी दाखवायच्या नसतील तर त्या एका चॅनेलच्या ओळीत एक कंस जोडा. क्रम असा:

१. जीएलने मिळालेली पूर्ण ओळ आधी टेक्स्ट फाइलमध्ये जपून ठेवा. ही पायरी गाळू नका. परतीची वाट हीच.

२. ज्या ग्रुपला द्यायचं त्याचा एस-१-५-२१ ने सुरू होणारा ओळख क्रमांक काढा.

३. जुन्या ओळीच्या शेवटी नवा कंस चिकटवा: ए, मग दोन अर्धविराम, मग शून्य-एक्स-१, मग तीन अर्धविराम, मग ओळख क्रमांक. अर्धविरामांची मोजणी चुकली तर कमांड ओळ स्वीकारत नाही.

४. वेवट्युटिलला एसएल, चॅनेलचं नाव आणि सीएचा पर्याय देऊन पूर्ण ओळ लिहा. पूर्ण म्हणजे पूर्ण. फक्त नवा कंस दिलात तर बाकी सगळ्यांची परवानगी गेली, ॲडमिनसकट.

ॲप्लिकेशन, सिक्युरिटी, सिस्टम अशा मुख्य लॉगांसाठी हेच ग्रुप पॉलिसीतून करायचं तर 'कॉन्फिगर लॉग ॲक्सेस' ही सेटिंग आहे. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्समध्ये विंडोज कंपोनंट्सखाली इव्हेंट लॉग सर्व्हिसमध्ये मिळेल. तिच्या शेजारी 'लेगसी' लिहिलेली जुळी सेटिंग आहे. दोन्ही वाचून, दोन्हीकडे तीच ओळ ठेवावी, नाहीतर काही प्रोग्राम एका ओळीने चालतात आणि काही दुसरीने.

आणि लॉगची ईव्हीटीएक्स फाइलच सरळ उघडू म्हणणाऱ्यांसाठी: सिस्टम३२ खालच्या फोल्डरातल्या त्या फाइलींवर रीडर्सना थेट परवानगी नसते आणि ती देऊही नये. त्यांची परवानगी सर्व्हिसमार्फत वाचायची आहे, फाइल उचलायची नाही. एखाद्याला एकदाच, ठरावीक काळाचा लॉग हवा असेल तर ॲडमिनने तेवढा भाग निर्यात करून द्यावा. निर्यात केलेली फाइल उघडायला चॅनेलची परवानगी लागत नाही, फाइल वाचता आली की झालं.

दूरच्या मशीनवरून

इथे परवानगीआधी रस्ता तपासा. इव्हेंट व्ह्यूअर, वेवट्युटिल आणि गेट-विनइव्हेंट ही तिन्ही दुसऱ्या मशीनशी आरपीसीने बोलतात: आधी पोर्ट १३५, मग ४९१५२ ते ६५५३५ यांपैकी एखादा. समोरच्या मशीनच्या फायरवॉलमध्ये 'रिमोट इव्हेंट लॉग मॅनेजमेंट' नावाचा तीन नियमांचा संच आहे. तो संपूर्ण चालू करा, आणि ज्या नेटवर्क प्रोफाइलवर मशीन आहे त्याच प्रोफाइलसाठी. एकच नियम चालू करून अर्धवट राहिलं की १३५ उघडा दिसतो आणि तरी १७२२ येत राहतो. मधल्या फायरवॉलवरही तीच पोर्टची पट्टी लागते.

मशीनचं नाव वापरा, आयपी नको. आयपी दिला की साधारणपणे कर्बेरोस सुटतो आणि एनटीएलएम हा ओळख पटवण्याचा जुना मार्ग लागतो. तो बंद केलेल्या नेटवर्कात तुम्ही विनाकारण नाकारले जाता.

जुन्या स्क्रिप्टमध्ये गेट-इव्हेंटलॉग असेल तर ती बदलून टाका. दूरच्या मशीनसाठी तिला रिमोट रजिस्ट्री सर्व्हिस आणि रजिस्ट्रीची वाचन-परवानगी लागते, नव्या ॲप्लिकेशन-सर्व्हिस चॅनेलपर्यंत ती पोचत नाही, आणि पॉवरशेल ६ पासून ती उरलेलीच नाही.

आरपीसीचे पोर्ट उघडायला नेटवर्कवाले तयार नसतील तर पॉवरशेल रिमोटिंग वापरा: एचटीटीपीवर ५९८५, एचटीटीपीएसवर ५९८६. पण मग दोन ग्रुप लागतात. 'रिमोट मॅनेजमेंट युजर्स' दारातून आत घेतो, रीडर्स लॉग दाखवतो. एकच दिला की एक एरर जाऊन दुसरा येतो आणि पहिला उपाय चुकला असं वाटतं. तो चुकलेला नसतो.

डब्ल्यूएमआय (मशीनची माहिती विचारण्याची विंडोजची जुनी व्यवस्था) मार्फत लॉग वाचणारी जुनी निगराणी साधनं असतील तर नेमस्पेसवर 'रिमोट इनेबल', डिस्ट्रिब्युटेड कॉम युजर्सचं सदस्यत्व, वर रीडर्स, एवढं सगळं लागतं. वेगही मुंगीचा. पर्याय असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

इव्हेंट दिसतो, पण मजकूर नाही

"या इव्हेंटचं वर्णन सापडत नाही" हा परवानगीचा दोष नव्हे. लॉगमध्ये पूर्ण वाक्य साठवलेलं नसतं, क्रमांक आणि रिकाम्या जागा भरायच्या किमती असतात. वाक्याचा साचा त्या प्रोग्रामच्या डीएलएल फाइलमध्ये असतो. तुम्ही वाचताय त्या मशीनवर तो प्रोग्रामच नसेल तर साचा कुठून येणार? फाइल निर्यात करताना वर्णनाची भाषा-माहिती सोबत घ्यायचा पर्याय निवडा, किंवा इव्हेंटचा एक्सएमएल बघा. किमती तिथे असतातच.

उलट, "सोर्स सापडला नाही, पण काही लॉग शोधता आले नाहीत: सिक्युरिटी" हा डॉटनेट प्रोग्रामचा एरर पूर्णपणे परवानगीचा आहे, मात्र उपाय परवानगी वाढवणं हा नाही. प्रोग्राम लिहायला निघालाय, त्याआधी आपला सोर्स (लॉगमधलं प्रोग्रामचं नाव) नोंदलेला आहे का हे तो सगळ्या लॉगमध्ये शोधतो, आणि सिक्युरिटीपाशी अडतो. सोर्स सापडला की शोध तिथेच थांबतो. म्हणून प्रोग्राम बसवतानाच ॲडमिनने एकदा सोर्स नोंदवून ठेवावा. प्रोग्रामच्या खात्याला मग सिक्युरिटी लॉगचं नखभरही काही द्यावं लागत नाही.

अनेक मशीन असतील तर

पन्नास सर्व्हरवर वाचक बसवण्यापेक्षा लॉगच एका ठिकाणी आणा. विंडोजचं इव्हेंट फॉरवर्डिंग त्यासाठीच आहे. त्यात एकच ठेच लागते: ॲप्लिकेशन आणि सिस्टमचे इव्हेंट येतात, सिक्युरिटीचा एकही येत नाही. पाठवणारी सर्व्हिस नेटवर्क सर्व्हिस या खात्याने चालते आणि सिक्युरिटीच्या तीन कंसांत ते खातं नाही. प्रत्येक पाठवणाऱ्या मशीनच्या रीडर्स ग्रुपमध्ये नेटवर्क सर्व्हिस घाला, त्याचा क्रमांक एस-१-५-२०, आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा, कारण सर्व्हिसचं टोकनही सुरू होतानाच भरलं जातं.

जमा झालेल्या मशीनवर 'फॉरवर्डेड इव्हेंट्स' चॅनेल वाचायला कोणाला द्यायचं ते ठरवताना ४६८८ च्या नोंदी आठवा. प्रोसेस सुरू झाल्याच्या या नोंदीत कमांडलाइन टिपायची सेटिंग चालू असेल तर कोणीतरी कमांडमध्ये उघडा टाइप केलेला पासवर्डही तिथे जसाच्या तसा बसलेला असतो. सबस्क्रिप्शनची, म्हणजे कोणते इव्हेंट मागवायचे याची, क्वेरी करताना त्या माणसाला खरोखर लागणारे क्रमांक तेवढेच घ्या: अयशस्वी लॉगिनसाठी ४६२५, खातं लॉक झाल्याचा ४७४०. बाकीचे त्या मशीनवर आणूच नका.